तारा विझवणाऱ्या बाबाची झोळी

"आला, आला," कोणीतरी ओरडलं आणि मैदानातल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या.

सुरतेत नवागामला आमच्या गल्लीच्या मागे, रेल्वेच्या रुळांपर्यंत, एक मोकळी जागा आहे. एरवी तिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि बाया गोधड्या वाळवतात. उत्तरायण, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत, नुकतंच होऊन गेलं होतं, विजेच्या तारांवर फाटके पतंग अजून लटकत होते. त्या संध्याकाळी मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्रमागांवरून, म्हणजे लूमवरून, दिवसपाळी सुटलेले कारीगर केसांतले दोऱ्याचे तुकडेही न झटकता थेट तिकडे आले होते. साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या बाया बोटांवरचा वाळलेला गोंद सोलत उभ्या होत्या. लूमवरच्या माणसाची नजर धाग्यावर आणि खडे लावणारीची नजर साडीवर. वर बघायची सवय आमच्यात कोणालाच नाही. नेमकं हेच त्या माणसाने हेरलं होतं.

मधल्या विटांच्या ढिगावर तारानाथबाबा उभा होता. भगवी कफनी, कपाळभर भस्म, खांद्याला झोळी. उजवा हात आभाळाकडे, डावा हात झोळीत. तो डावा हात कायम झोळीतच असायचा. आत जपमाळ आहे, असं भक्त सांगायचे.

"माझ्या लेकरांनो," बाबा गाऊ लागला, "तुम्ही पोटासाठी इकडे आलात, कानबाई तिकडे राहिली. पण आई लेकरांना विसरते का? आज ती दिवा घेऊन निघालीय. समुद्राकडून येईल, तुमच्या डोक्यावरून जाईल. आणि जाईल कुठे?"

"खान्देशात," सगळे म्हणाले.

कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी माणसांची घरची देवी. श्रावणात नारळाच्या रूपात घरात बसते, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. तिचं नाव घेतलं की आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. हेही त्याने हेरलं होतं.

आणि तो दिवा खरंच आला. पश्चिमेला घरांच्या पत्र्यांवर एक ठळक पांढरा ठिपका उगवला. विमानासारखा लुकलुकत नव्हता आणि आवाजही नव्हता. डोक्यावर येईपर्यंत तो आभाळातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा मोठा झाला आणि रूळ जिकडे नंदुरबारला जातात तिकडे निघाला. सूर्य, चंद्र, चांदण्या सगळं पूर्वेकडून पश्चिमेला जातं. हा एकटा उलटा, आमच्या गावाकडे. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

"झाली आईची फेरी. आता दिवा मालवतो," बाबा म्हणाला, गाल फुगवले आणि आभाळाकडे तोंड करून लांब फुंकर मारली.

दिवा मंद झाला, तांबूस झाला आणि भर आभाळात विझला. ढग नाही, झाड नाही, काही नाही. होता आणि नाही.

मग काय विचारता. माणसं त्याच्या पायांवर अक्षरशः पडली. दिव्याला तूप लागतं म्हणून दर घराने वाटीभर तूप आणायचं ठरलेलं होतं, त्या वाट्या एका पातेल्यात रिकाम्या होऊ लागल्या. इतक्या उंचावरचा दिवा आमच्या तुपावर कसा जळतो, हा प्रश्न कोणाला पडला नाही. तूप वर चढलेलं कोणी पाहिलं नाही, पण बाबाच्या गालांवर मात्र ते दर आठवड्याला दिसत होतं.

पायांशी सगळ्यात पुढे बसली होती माझी सुंदराकाकू.

सुंदराकाकू म्हणजे भटूकाकाची बायको, भटूकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. त्यांची खोली आमच्या खोलीसमोर, मध्ये दोन पावलांची बोळ. काकू चौथी शिकलेली. पण माझ्या केसांना तेल लावताना मला धडे मोठ्याने वाचायला लावते आणि मध्येच "थांब, हाई परत सांग" म्हणते. सहा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नव्हता. आता मी परिपाठाला माईक सोडत नाही, त्यातलं निम्मं काम काकूच्या "परत सांग"ने केलंय.

काकूला लहानपणापासून फिट येते. दवाखान्यातून दोन वेळच्या गोळ्या मिळतात आणि त्या घेतल्यापासून दोन वर्षं एकही फिट आली नव्हती. पण गोळ्यांची तिला लाज वाटायची. कोणी बघत नाही असं बघून, तोंड भिंतीकडे करून ती गोळी गिळायची. बाबाने तिला भर गर्दीत जवळ बोलावलं आणि सांगितलं की शनीने तिच्या डोक्यावर सावली टाकलीय. गोळ्यांनी शनी आणखी चिडतो. सगळ्या गोळ्या तापीत सोडून दे, पुढच्या दिव्याबरोबर तुझा आजारही फुंकून टाकतो.

"जो आभाळातला तारा विझवतो," तो गर्दीकडे वळून म्हणाला, "त्याला हिची फिट काय जड?"

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळी लबाडी त्यात आहे. ताऱ्याचा खेळ खरा वाटला की पुढचं सगळं फुकटात खरं वाटतं.

मी घरी आल्यावर भांडले. शनी आपल्यापासून शंभर कोटींहून जास्त किलोमीटर लांब आहे, इतक्या लांबून त्याची सावली नवागामच्या एका बाईच्या डोक्यावर नेम धरून कशी पडेल, असं विचारलं. भटूकाका म्हणाला, पोरगी चार बुकं शिकली की घरातल्या मोठ्यांनाच शिकवते.  दुसऱ्या दिवशी काकू तापीवर जाऊन आली आणि गोळ्यांचा डबा रिकामा झाला.

शाळेत मी सुषमाबाईंना सगळं सांगितलं. त्या आम्हाला विज्ञान शिकवतात. आधी त्या हसल्या, गोळ्यांचं ऐकल्यावर त्यांचं हसू गेलं.

"उत्तरायणाला गच्चीवर होतीस ना?" त्यांनी विचारलं. "सूर्य बुडाला, खाली गल्लीत अंधार पडला, दिवे लागले. तेव्हा खूप उंच गेलेला पतंग कसा दिसतो?"

मी म्हटलं, चमकतो. गल्लीत अंधार असतो, तरी वरचा पतंग उन्हात असतो.

"बस, तेवढंच. फक्त हा पतंग चारशे किलोमीटर उंच आहे."

ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहे, बाईंनी सांगितलं. खेळाच्या मैदानाएवढं मोठं, आणि दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. आपल्याला दिसेल असा त्याचा स्वतःचा दिवा नाहीच, ऊन पडतं म्हणून चमकतं. पुढे जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं, ऊन संपतं, आणि आपल्याला वाटतं विझलं. पतंग कापला जात नाही, फक्त त्याच्यावरचं ऊन जातं. आणि त्यात माणसं राहतात. जेवतात, झोपतात, प्रयोग करतात. मागच्या वर्षी आपल्या देशातला एक माणूसही तिथे राहून आला.

ते कुठून, कधी दिसणार आणि कुठे विझणार, हे आधीच काढता येतं. बाईंनी मोबाईलवर एक ॲप उघडून दाखवलं. त्यात गावाचं नाव टाकलं की काळ्या नकाशावर त्याच्या वाटेची रेघ आणि खाली वेळांची यादी येते, आणि दिसायच्या पाच मिनिटं आधी फोन थरथरतो.

फोन थरथरतो. मला एकदम त्या डाव्या हाताची आठवण झाली.

पुढच्या संध्याकाळी मी घुसत घुसत बाबाच्या झोळीला खेटून बसले. बाबा कसली तरी कथा सांगत होता. आणि तेवढ्यात झोळी गुरगुरली. गुर्रर्र, गुर्रर्र. बाबा कथा अर्धीच टाकून उठला, "आई निघाली, आई निघाली" म्हणून ओरडला. थोड्या वेळाने ठिपका उगवला.

जपमाळ गुरगुरत नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

मी हे गल्लीभर सांगितलं. ज्याला सांगितलं तो हसला. पार्वतीमावशी म्हणाल्या, "तू लई शानी झालीस गं, आता देवाला मशीन म्हन." मावशी मराठवाड्यातल्या, आमच्या बोळीच्या टोकाला राहतात, आणि त्या हसल्या की गल्ली हसते. मी काकूला दोन्ही हात धरून समजावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं:

"तू म्हणस ते खरं व्हई. पन तो आपला गावकडे जास ना, धना?"

काकूची आई गेली तेव्हा तिला गावी पोचता आलं नव्हतं. त्यानंतर ती माहेरी गेलेलीच नाही. बाबाचा सगळ्यात जास्त राग मला तेव्हा आला. त्याने लोकांचं तूप घेतलं, ते घेऊ दे. त्याने काकूची आठवण घेतली आणि तिची दोरी करून तिच्याच गळ्यात बांधली.

गोळ्या सोडून आठवडाही झाला नव्हता. सकाळी मी बोळीत दात घासत होते, काकू दारात भाकरी थापत होती. तिची नजर एकदम एका जागी अडकली. मी "काकू" म्हणेपर्यंत ती वाकडी होऊन पडली आणि तिचा हात तव्यावर गेला. तो वास मी लिहिणार नाही. आईने धावत येऊन तिला कुशीवर वळवलं, मी तवा लाथेने उडवला, भटूकाका नुसता "सुंदरा, सुंदरा" करत उभा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टी बांधली आणि काकाला चांगलंच सुनावलं. गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर फिट उसळून येते, पुढची जिवावर बेतेल. पुन्हा गोळ्या लिहून दिल्या, आजपासूनच घ्यायच्या म्हणाल्या. मला वाटलं, संपलं. हात भाजला, पण डोळे उघडले.

कसले उघडतात. दुपारी बाबाच घरी आला.

दिवा तर हिला बरं करायला तयार होता, तो म्हणाला, पण या घरात एक पोरगी आहे, ती देवाच्या दिव्याला मशीन म्हणते. आई रुसली. आता दिवा येणार नाही. पोरीने सगळ्यांसमोर नाक घासून माफी मागायची आणि शाळा सोडायची, तेव्हाच येईल. आणि तोवर सुंदराने एक जरी गोळी गिळली तर दिवा कायमचा विझला समजा, साऱ्या खान्देशाचा.

एका बाईच्या एका गोळीवर त्याने सगळा खान्देश टांगून ठेवला.

त्या संध्याकाळी मैदान भरलं आणि दिवा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. लोकांनी आभाळाकडे बघणं सोडून आमच्या दाराकडे बघायला सुरुवात केली. आईसोबत खडे चिकटवायला बसणाऱ्या बायका दुसऱ्या ओट्यावर जाऊन बसल्या. भटूकाका रात्रपाळीला निघालेल्या माझ्या बाबांकडे आला आणि म्हणाला, बन्सीभाऊ, पोरीची शाळा महत्त्वाची की माझी बायको? माझे बाबा कमी बोलतात. त्यांनी चपला घातल्या, म्हणाले, "पोरगी शाळेत जाई," आणि निघून गेले.

काकूने गोळ्यांची पट्टी तांदळाच्या डब्यात लपवली होती. मी तिची नजर चुकवून डब्यात हात घालून बघायची. पट्टी तशीच भरलेली. एकही गोळी कमी होत नव्हती. ती सकाळी दारात बसली की मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहायची, नजर अडकली तर पहिली मी धावायला हवी म्हणून. अशी भीती मी शत्रूलाही देणार नाही. त्या बाबाला देईन.

मी बाईंच्या मोबाईलवर यादी पुन्हा बघितली. दिवा का आला नाही ते लगेच कळलं. स्थानक काही आठवडे संध्याकाळी दिसतं, मग संध्याकाळच्या फेऱ्या संपतात. आमच्या इथल्या संध्याकाळच्या फेऱ्या संपल्या होत्या, पुढचे कितीतरी दिवस रकाना रिकामा. बाबाने यादी बघितली, रुसवा ठरवला आणि वर माझी शाळा मागितली.

पण यादी तिथे संपत नव्हती. बाई बोट खाली सरकवत गेल्या. संध्याकाळ संपल्यावर पहाट सुरू झाली होती. पहाटे, पहाटे, पहाटे. त्याला ते दिसलं नसेल असं नाही. पहाटे कोण वर बघतंय, असा त्याचा हिशेब असणार.

त्याला आमच्या नळाची वेळ माहीत नव्हती.

आमच्याकडे पाणी पहाटे येतं, उजाडायच्या आत, तासभर. त्या तासात सगळी गल्ली नळावर असते. बादल्या, हंडे, कळशा, भांडणं. आभाळ त्या सगळ्यांच्या डोक्यावर असतंच, फक्त नजर पाण्याच्या धारेवर असते.

बाईंनी पुढच्या दोन पहाटांच्या वेळा काढून दिल्या, दिशा समजावली. जाताना म्हणाल्या, "मी येऊ का?"

मी नको म्हटलं. शिक्षिकेचं ऐकून लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच करतात. मला काकूला तिच्याच डोळ्यांनी दाखवायचं होतं.

पहाट झाली. थंडी होती, पश्चिमेला गुरू मावळायला टेकला होता, ठसठशीत, न लुकलुकणारा. काकू पट्टी बांधलेला हात पदराखाली घेऊन रांगेत शेवटी उभी होती, कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. मी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर उभी राहिले.

मी सांगितलं की आता थोड्याच वेळात दिवा येणार आहे. माफी मागितली नाही, शाळा सोडली नाही, तूप घातलं नाही, मंत्रही येत नाही. त्या मोबाईल टॉवरच्या वर, अर्ध्या आभाळात, काळोखातून एकदम उमटेल आणि रुळांच्या दिशेने जाईल.

"धनश्रीमाता की जय," मागून कोणीतरी म्हणालं. पार्वतीमावशी म्हणाल्या, "उतर खाली, पाय मोडशील. सकाळी सकाळी भाषन लावलंय." आई नळापाशी होती. ती माझ्या बादलीला पाय लावून उभी राहिली, हलू नये म्हणून.

आभाळ रिकामं. लोक हसू लागले. माझे कान गरम झाले. यादी चुकली तर? सुरतऐवजी दुसऱ्या गावाचं नाव पडलं असेल तर?

आणि टॉवरच्या वर तो उमटला. आधी तांबूस, मग पांढरा, मग इतका ठळक की गुरूसुद्धा फिका पडला.

 हंडा भरला, वाहू लागला, आणि नळ बंद करायला कोणी हात पुढे केला नाही. आमच्या गल्लीत वाहता नळ सोडून कोणी दुसरीकडे बघितलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"फुंका," मी म्हटलं. "तुमचा बाबा नाहीये, तुम्ही फुंका."

आधी पोरांनी फुंकलं. मग बायांनी. पार्वतीमावशींनी चूल पेटवताना मारतात तशी मोठी फुंकर मारली. तो विझला नाही. आमच्या डोक्यावरून, रुळांवरून, पूर्वेच्या उजेडाकडे शांत चालत राहिला आणि उजेडातच दिसेनासा झाला.

"कोनी पेटाडा तो?" मागून काकूचा आवाज आला.

मी म्हटलं, सूर्याने. संध्याकाळी तो सावलीत शिरतो, पहाटे सावलीतून बाहेर येतो. आणि मग मी पतंगाचं सगळं सांगितलं, सुषमाबाईंनी सांगितलं तसं, आणि आत माणसं आहेत तेही. सुरतेतल्या माणसाला पतंग समजवावा लागत नाही. माना हलू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, आत मान्सं हायेत तर आपन त्यांना फुंकत होतो का गं?

काकू मात्र पूर्वेकडेच बघत होती. "मग तो आपला गावले नही जास?"

"गावावरून जातो, काकू. अर्ध्या मिनिटात. मग हिमालय, मग चीन, मग समुद्र, आणि दीड तासात पृथ्वी फिरून येतो. तो कोणाच्याच गावाला थांबत नाही."

तिची मान हळूहळू खाली आली. खरं सांगताना कोणाचं काही तुटतंही, हे मला तेव्हा कळलं. पण ती खोटी आशा मी बांधली नव्हती, बांधणारा दुसराच होता. आणि तो येतच होता. भटूकाकाने धावत जाऊन त्याला उठवून आणलं होतं. कपाळाला भस्म नाही, कानाला मफलर, पण खांद्याला झोळी होती.

"पाहिलंत?" बाबाने येता येताच सूर लावला. "रात्रभर विनवलं मी आईला. माझ्या शब्दाखातर ती राग सोडून आली."

आणि दोनतीन बायांचे हात जोडले गेले, बघा. इतकं समोर घडूनही. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात आई पुढे झाली. माझी आई, कलाबाई, दर श्रावणात उपास धरून कानबाई बसवणारी.

"कानबाई आम्हले श्रावणमा भेटस," ती शांतपणे म्हणाली. "थंडीना दिनमा ती तुनी झोळीमा काय करी राह्यनी?"

बाबा म्हणाला, माय, देवाची लीला आहे. मला युक्ती सुचली ती तिथे. मी पार्वतीमावशींच्या कानात उद्याची वेळ आणि दिशा सांगितली आणि मोठ्याने म्हटलं, बाबा, दिवा तुमच्या शब्दाने येतो ना. मग उद्या कधी आणि कुठून येणार, ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा. मावशी ताडून बघतील.

बाबा हसला. "एवढंच ना, पोरी?" त्याने डोळे मिटले. ओठ पुटपुटले. डावा हात हळूच झोळीत शिरला.

"हात बाहेर काढ," आई म्हणाली.

"जप चाललाय."

"जप तोंडे कर. हात झोळीना बाहेर ठेव."

पार्वतीमावशी हंडा खाली ठेवून पुढे आल्या. "व्हय की. हात भाईर ठेवून सांग."

बाबाने हात बाहेर काढला आणि त्याला काहीच सांगता येईना. देवाला वेळ विचारायची नसते, म्हणाला. मग कशी विचारली होती इतके दिवस, कोणीतरी म्हणालं. मग म्हणाला, सकाळची वेळ अशुभ आहे. मग म्हणाला, या पोरीची नजर वाईट आहे. तारा विझवणारा माणूस, आणि झोळीविना त्याला उद्याची सकाळ सांगता येत नव्हती.

काकू रांगेतून पुढे आली. कोणाला काही न विचारता तिने पट्टी बांधलेला हात त्याच्या झोळीत घातला. बाबा मागे सरकला, पण मागे पार्वतीमावशींचा हंडा होता. काकूने मोबाईल बाहेर काढला. पडदा उजळला. तोच काळा नकाशा, तीच रेघ, तीच यादी. माळ नव्हतीच आत.

काकूने तो मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"माना शनी बी यामाच शे का?"

 दोन कारीगर पुढे झाले, त्यांना त्याला बडवायचं होतं. आई म्हणाली, मारू नका, मारलं की तो आणखी मोठा बाबा होईल. बाबाने मोबाईल हिसकला आणि रूळ ओलांडून उधना स्टेशनाच्या दिशेने पळाला, कफनी गुडघ्यापर्यंत उचलून. भटूकाका त्याच्याकडे बघतही नव्हता. तो काकूच्या हातावरची पट्टी बघत होता, जणू ती त्याला आत्ता पहिल्यांदा दिसली.

काकू घरात गेली. तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं. ती परत बाहेर आली, नळापाशी, सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. तळहातावर गोळी.

"पानी दे वं, धना."

मी वाहत्या नळाखाली तांब्या धरला. तिने भिंतीकडे तोंड केलं नाही. सगळ्या गल्लीकडे बघत गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्यायली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, नळ बंद करा, किती पाणी वाया चाललंय.

गोळ्या चालू आहेत. हाताचा डाग राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या पहाटेनंतर आमच्या नळावर अधूनमधून कोणीतरी वर बघतं, आणि स्थानक दिसलं की काकू त्याला हात हलवून दाखवते. आतल्या माणसांना दिसत नाही, हे तिला माहीत आहे. मी विचारलं तर म्हणाली, गावाकडच्या गाडीलाही आपण हात दाखवतो, ती थोडीच थांबते.

माझा राग मात्र गेलेला नाही. परवा ऐकलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या बाजूला कोणी नवा बाबा आलाय, तोही संध्याकाळी लोकांना मैदानात जमवतो. तोच असेल किंवा त्याचा भाऊबंद. म्हणून हे लिहिलं.

आभाळात चमकणारं सगळं खरं आहे. गुरू खरा, शनी खरा, चारशे किलोमीटर उंच फिरणारं माणसांचं घर खरं. ते बघायला तूप लागत नाही आणि गुरूही लागत नाही, मान वर करावी लागते. कधी येतं, कुठून येतं, का विझतं, हे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. देवाला विचारल्याचा राग येत नाही, येतो तो फक्त लबाडाला.

आणि कोणी तुम्हाला म्हणालं की गोळी फेकून दे, मी तारा विझवतो, तर त्याच्या पाया पडायच्या आधी एवढंच सांगा, माझ्या आईने सांगितलं तसं: आधी हात झोळीबाहेर काढ.